लसीच्या दिवशी आईलाही काट्यावर घ्या

बाळ दीड महिन्याचं झालं की आई त्याला घेऊन लसीकरणाला जाते. महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र असो, जुळे सोलापुरातला खासगी बालरोगतज्ज्ञ असो की मोहोळ-मंगळवेढ्याकडचं प्राथमिक आरोग्य केंद्र, क्रम ठरलेला आहे. बाळाचे कपडे काढतात, काट्यावर ठेवतात, आकडा कार्डावर चढतो, आलेखावर ठिपका पडतो. वजन नीट वाढत नसेल तर लगेच विचारपूस होते. सरकारी केंद्रात मिळणाऱ्या त्याच माता-बाल कार्डाची पानं मागे उलटली तर आईच्या वजनाचे आकडे सापडतात, पण ते गरोदरपणातले. बाळ बाहेर आलं की तिच्या वजनाची नोंद ठेवायची कुणाला गरज वाटत नाही. त्यानंतर तिचं माप काढतात ते शेजारणी, नणंदा आणि बारशाला जमलेले पाहुणे. काय गं, किती सुटलीस!

बाळंतपणानंतर वजन उतरत नाही ही तक्रार आपण बाईच्या आळसाच्या खात्यात टाकून मोकळे होतो. खरं तर वजन अडून राहण्याची कारणं मोजता येतात, त्यातली बरीचशी घरच्या स्वयंपाकघरात, झोपेत आणि रक्तात असतात, आणि ती मोजायला नवी योजना, नवी इमारत, नवं पद काही लागत नाही. बाळाच्या लसीच्या दिवशी आईलाही काट्यावर घ्यावं, एवढीच मागणी आहे. ती का, हे सांगायला आधी थोडा हिशोब मांडावा लागेल.

गरोदरपणात एखादीचं वजन 12 किलोंनी वाढलं असं धरू. बाळंत होताना बाळ, वार, गर्भजल आणि रक्त मिळून साधारण 5 ते 6 किलो त्याच दिवशी उतरतात. पुढच्या दोन आठवड्यांत अंगात साठलेलं पाणी लघवी आणि घामावाटे जातं, ते आणखी 2-3 किलो. गर्भाशय बाळंतपणानंतर सुमारे किलोभराचं असतं, सहा आठवड्यांत ते शंभर ग्रॅमच्या आत येतं. राहतात ते 3-4 किलो. ही चरबी शरीराने मुद्दाम साठवलेली असते, दूध तयार करायला. म्हणजे बाळंतपणानंतर पंधरा दिवसांनी आरशात दिसणारं पोट हा कुणाचाही दोष नाही, आणि 'दवाखान्यातून येताना तर सहा किलो कमी झाले होते, मग आता का थांबलं' या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. आधी गेलं ते पाणी आणि बाळ होतं. चरबी उतरायला आता कुठे सुरुवात होणार आहे.

ती उतरायच्या ऐवजी आपल्याकडे नेमकी याच टप्प्यावर वाढते. सव्वा महिन्यात काय खाल्लं जातं ते पाहा. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज 600 उष्मांक जास्त लागतात, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशी सांगतात. बसून काम करणाऱ्या स्त्रीची रोजची गरज 1,660 धरली आहे. दोन्ही मिळून 2,260. आता डिंकाचे लाडू घ्या. 250 ग्रॅम तूप, 250 ग्रॅम सुकं खोबरं, तेवढीच खारकेची पूड, 400 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम बदाम आणि 100 ग्रॅम डिंक. याचे लिंबाएवढे, 40 ग्रॅमचे, तेहतीस-चौतीस लाडू होतात. डिंकाचे उष्मांक सोडून दिले तरी एका लाडवात सुमारे 200 उष्मांक असतात. सकाळी दोन, संध्याकाळी दोन म्हणजे 800. त्यावर दूध, गूळ आणि तूप घातलेली अळिवाची खीर, वाटीभर, 280. साखर घातलेलं पेलाभर दूध दोन वेळा, 490. एवढं सगळं ताटात भाकरी किंवा भात पडायच्या आधी. दोन वेळचं तूप-भाताचं जेवण धरलं की बेरीज तीन हजारांच्या आसपास जाते. रोज 700 जास्त, असे चाळीस दिवस म्हणजे 28,000 उष्मांक. किलोभर चरबीत 7,700 उष्मांक असतात. कागदावर साडेतीन किलो. दुधासाठी शरीराने साठवलेली चरबी वापरली जाणं दूरच, तेवढीच आणखी वर चढली.

याचा अर्थ आजी चुकीची होती असा मुळीच नाही. जिला एरवी वर्षभर भाकरी-चटणीवर राहावं लागे, जिचं घरीच झालेल्या बाळंतपणात भरपूर रक्त जाई आणि जी सव्वा महिन्याने थेट खुरपणीला उभी राही, तिच्यासाठी तो लाडू औषध होता. आता बाळंतिणीची दुपार मोबाइलवर आणि संध्याकाळ पाहुण्यांत जाते, महिन्याचं तेल-तूप एरवीही कमी नसतं, आणि लाडवांचा डबा मात्र तोच राहिला आहे, किंबहुना काजू-बदामांनी जड झाला आहे. डबा बंद करायची गरज नाही. दिवसाला एक लाडू, फार तर दीड, पुरे. बाळंतिणीच्या आईला हे पटवणं कठीण आहे, कारण लेकीला खाऊ घालणं हे तिचं प्रेम आहे आणि सासरचे 'माहेरी नीट सांभाळलं नाही' असं म्हणतील ही धास्तीही आहे. म्हणून हा आकडा लेकीने सांगण्याऐवजी नर्सबाईने सांगितलेला बरा.

गंमत अशी की तुपाचा एवढा मारा होत असताना ज्याची खरी गरज असते ते प्रथिन ताटातून काढून टाकलेलं असतं. मटकी वातूळ, हरभरा वातूळ, हुलगा उष्ण, पालेभाजीने बाळाचं पोट बिघडतं, अंडं तर नकोच. उरतो मऊ भात, तूप आणि पातळ वरण. पाजणाऱ्या आईला रोज जवळपास 17 ग्रॅम प्रथिन जास्त लागतं, एकूण 60 च्या पुढे, आणि या ताटातून ते येतच नाही. आईच्या आतड्यातला वायू दुधात उतरत नाही. कडधान्य खाऊन तिला स्वतःला जड वाटत असेल तर मोड आणून नीट शिजवावं आणि वाटीऐवजी अर्ध्या वाटीने सुरुवात करावी. प्रथिन कमी पडलं की पोट भरल्यासारखं वाटत नाही, दोन तासांनी पुन्हा भूक लागते, आणि हाताशी असतो लाडू किंवा बिस्किटाचा पुडा. पाजणाऱ्या बाईची भूक खरी असते. ती दाबायला सांगणारा सल्ला पहिल्या आठवड्यातच हरतो. भूक कशाने भागवायची, प्रश्न तेवढाच.

पाण्याचंही तसंच. बाळंतिणीला पाणी मोजून द्यायचं, तेही कोमट, ही चाल आपल्या भागात अजून मोडलेली नाही. ती रोज पाऊण लिटर दूध तयार करते, वर सोलापूरचा उन्हाळा, त्यात खोलीत शेगडी. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर 40 च्या पुढे पारा असताना खोली तापवण्यात कसलाही फायदा नाही. पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठता होते, तहान भुकेसारखी वाटते, आणि टाके असतील तर कुंथून आणखी त्रास. तहान लागेल तेव्हा प्यावं आणि पाजायला बसताना पेलाभर जवळ ठेवावा.

आता ताट कसं असावं ते आपल्याच मातीतल्या पदार्थांत सांगता येतं, त्यासाठी किनोआ लागत नाही. दिवसभरात पन्नास ग्रॅम पिठाच्या चार ज्वारीच्या भाकऱ्या (आपल्याकडची कडक भाकरी थापली तर पीठ जास्त बसतं, तेव्हा एकदा तोलून बघावं), मटकी, मूग किंवा हुलग्याची उसळ 60 ग्रॅम कोरड्या कडधान्याची, 30 ग्रॅम डाळीची आमटी, दोन अंडी किंवा त्याऐवजी 50 ग्रॅम पनीर, दूध-दही मिळून 400 मिलिलिटर, भाजी 300 ग्रॅम आणि त्यात पालेभाजी रोज, एक पेरू किंवा केळं, एक लाडू, सगळ्या स्वयंपाकातलं तेल-तूप मिळून पाच छोटे चमचे. आणि शेंगा चटणी दोन चमचे. दोनच. शेंगदाण्यात प्रथिन चांगलं आहे, पण 100 ग्रॅमला साडेपाचशेच्या वर उष्मांक आहेत, आणि आपण त्यावर तेलाची धार धरतो ती या हिशोबात नाही. हे सगळं मिळून 2,100 च्या आसपास उष्मांक आणि सत्तरच्या वर प्रथिन होतं. गरजेपेक्षा दीडशेने कमी. त्यात अर्ध्या तासाचं चालणं मिळवलं की महिन्याला किलोभर उतरावं असा हिशोब बसतो. हे कुणाला फारच हळू वाटेल, पण चढायला नऊ महिने लागलेले असतात.

पाजत असताना आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा वेगाने वजन उतरवू नये, आणि तेही दूध नीट सुरू झाल्यावर, दीड-दोन महिन्यांनंतर. रोजचे उष्मांक 1,800 च्या खाली नेऊ नयेत. 'बाळाला पाजलं की आपोआप वजन उतरतं' हे वाक्य सगळीकडे सांगितलं जातं. पाजण्याचे फायदे पुष्कळ आहेत, पण हा फायदा अनेकींना फारसा मिळत नाही, कारण दुधात जातं तेवढं भूक परत आणते. काहींचं वजन पाजणं कमी झाल्यावरच हलतं. आधीच तसं सांगितलं असतं तर किती जणींनी स्वतःला दोष दिला नसता.

इथवरचा हिशोब लाडवांचा डबा परवडणाऱ्या घराचा झाला. सोलापुरात दुसरीही बाळंतीण आहे. विडी वळणाऱ्या बाईला हजार विड्यांमागे मजुरी मिळते, आणि विड्या वळल्या नाहीत तर त्या दिवसाची मजुरी नाही. 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आली, पण घरी बसून तुकड्यावर काम करणारीच्या दारापर्यंत ती रजा क्वचितच पोहोचते. तेव्हा सव्वा महिना संपायच्या आत मांडीवर विड्या वळायचं सूप येतं. मांडी घालून, पुढे वाकून, सात-आठ तास एकाच जागी. जेवण म्हणजे भाकरी किंवा भात, पातळ आमटी, मध्ये गोड चहा चार-पाच वेळा आणि त्यात बुडवलेली खारी. हिचं हिमोग्लोबिन कमी आणि पोटाचा घेर जास्त, असं दोन्ही एकाच वेळी असू शकतं, असतंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या आणि 24 टक्के जाड. हे दोन वेगळे गट आहेत असं समजून आपण धोरणं आखतो. कुंभारीच्या विडी घरकुलात किंवा साखर पेठेत एक फेरी मारली तरी ते दोन्ही आकडे एकाच दारात भेटतील. जिला दमच लागतो तिला 'रोज चाला' सांगण्यात अर्थ नाही. बाळंतपणानंतर 180 दिवस रोज लोहाची एक गोळी घ्यायची असते, ती सरकारी केंद्रात फुकट मिळते. चहाबरोबर घेतली तर अंगी कमी लागते, कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तरी तेच. दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा एवढं सांगायला कुणी भेटत नाही.

झोपेबद्दल बोललं की लोक हसतात. लहान बाळ म्हटल्यावर झोप कुठली? पण बाळ सहा महिन्यांचं असताना जी आई पाच तास किंवा त्याहून कमी झोपते, तिचं वजन वर्षाअखेर अडून राहण्याची शक्यता जास्त असते, हे अभ्यासांतून पुढे आलं आहे. अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि ती गोड-तेलकटाकडेच धावते. यावर उपाय बाईच्या हातात नाही, घराच्या हातात आहे. रात्रीचं एक पाजणं झाल्यावर बाळाला ढेकर काढून झोपवायचं काम नवऱ्याने घेतलं आणि सकाळचा पहिला चहा-डबा दुसऱ्या कुणी केला, तर सलग चार तास मिळतात. ज्या घरात सून पहाटे पाचला उठून पाणी भरते आणि दुपारी पाहुण्यांसाठी पुन्हा उभी राहते, त्या घराने तिच्या वजनावर बोलू नये.

आता रक्ताकडे वळू, कारण इथेच मोजमाप नसल्याचा सगळ्यात मोठा तोटा होतो. बाळंतपणानंतरच्या वर्षभरात सुमारे वीसातल्या एकीला थायरॉइडच्या ग्रंथीला सूज येते. आधी काही आठवडे ग्रंथी जोरात चालते, बाई बारीक होते, छातीत धडधडतं. मग चौथ्या ते आठव्या महिन्यात ती मंद पडते, वजन चढतं, केस गळतात, मरगळ येते, थंडी वाजते. पहिल्या टप्प्यात घरचे म्हणतात, 'छान उतरली', दुसऱ्या टप्प्यात म्हणतात, 'आता सुस्तावली'. टीएसएच ही एक साधी रक्ततपासणी आहे. बहुतेकींची ग्रंथी वर्ष-दीड वर्षात पूर्ववत होते, काहींना गोळी कायमची लागते. तपासणी न करता डाएट करत राहणं म्हणजे हँडब्रेक ओढून गाडी ढकलणं.

गरोदरपणात साखर वाढली होती त्यांचं तर आणखी गंभीर. बाळ झाल्यावर साखर बरेचदा उतरते आणि सगळे सुटकेचा श्वास घेतात. पण अशा स्त्रीला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा सात ते दहा पट असतो. सहा आठवड्यांनी 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर तपासायची असते, आणि नंतर दर वर्षी. 140 च्या आत असेल तर ठीक, 140 ते 199 म्हणजे उंबरठ्यावर, 200 किंवा पुढे म्हणजे मधुमेह. सहा आठवडे! नेमकी तीच वेळ जेव्हा बाळाची लस असते. आई त्या केंद्रात उभी असते, तिच्या कार्डावर आधीच्या साखरेची नोंद असते, आणि ती बाळाला टोचून घेऊन घरी जाते.

पाळणा लांबवण्यासाठी घेतलेल्या तीन महिन्यांच्या इंजेक्शनाने काहींचं वजन वाढतं, हेही विचारायला हवं. तांबीने तसं होत नाही. इंजेक्शन वाईट नाही, पण वजन झपाट्याने वाढत असेल तर साधन बदलता येतं, हे तिला ठाऊक असावं. आणि मनाचं. दोन आठवडे सतत उदास वाटतंय का, कशातच रस उरला नाही असं होतंय का, हे दोन प्रश्न विचारायला एक मिनिट लागतं. बाळंतपणानंतरच्या नैराश्यात कुणाचं जेवण सुटतं, कुणाचं वाढतं. काट्यावरचा आकडा दोन्ही बाजूंनी बोलतो. झपाट्याने उतरणारं वजन हीसुद्धा धोक्याची खूण आहे: थायरॉइड, नैराश्य, क्षय. आपल्याकडे 'बारीक झाली' याचं कौतुक होतं, म्हणून तिकडे दुर्लक्ष होण्याची भीती जास्त.

कधीकधी वजन पूर्ववत होतं आणि पोट तसंच राहतं. तेव्हा चरबीकडे बोट दाखवण्याआधी पोटाचे स्नायू तपासावेत. उताणं झोपून गुडघे वाकवायचे, बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवायची आणि डोकं-खांदे किंचित उचलायचे. मधली फट दोन बोटांपेक्षा रुंद लागली आणि पोटाचा मधला भाग कण्यासारखा वर आला, तर स्नायू दुभंगलेले आहेत. असं असेल तर उताण्या स्थितीतून सरळ उठून बसणं, दोन्ही पाय एकदम उचलणं, असे व्यायाम सध्या करू नयेत. श्वास सोडताना बेंबी हलकेच आत ओढून दहा सेकंद धरणं, गुडघे वाकवून एक एक टाच सरकवणं, यापासून सुरुवात करावी. दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवावं. पोटपट्ट्याने चरबी जात नाही. सिझेरियननंतर चालताना आधार म्हणून तो बरा वाटतो, तेवढाच त्याचा उपयोग. लुगड्याने करकचून पोट बांधलं तर दाब खाली, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर येतो आणि शिंकताना-खोकताना लघवी सुटण्याचा त्रास वाढू शकतो. त्या स्नायूंचा व्यायाम मात्र दुसऱ्या दिवसापासून करता येतो: लघवी रोखल्यासारखं आवळून पाच सेकंद धरायचं, पाच सेकंद सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा.

चालण्याबद्दल फार सांगायला नको. आठवड्याला 150 मिनिटं हे लक्ष्य आहे. दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी चालतात. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत, नाहीतर गच्चीवर रात्री. सिद्धेश्वर तलावाकाठी किंवा हुतात्मा बागेत जाणं छानच, पण दर दोन तासांनी पाजायचं असताना कितीजणींना जमतं? सिझेरियन असेल तर सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. भरलेली कळशी तर नाहीच.

हे सगळं माहीत असलेलं कुणी समोर नसतं, म्हणून मोकळी जागा बाजार भरून काढतो. महिन्यात दहा किलोची हमी देणाऱ्या पावडरी, सोनामुखीचे काढे, जेवणाच्या जागी प्यायचे पावडरीचे शेक. सोनामुखीने पोट साफ होतं, चरबी हलत नाही. भाकरी-भात पूर्ण तोडून फक्त चरबी-प्रथिनावर राहण्याचा आहार पाजणाऱ्या आईने करू नये. त्यातून रक्तात आम्लं साठून रुग्णालयात दाखल व्हावं लागलेल्या स्त्रियांची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनंही पाजणं चालू असेतो नकोत.

तेव्हा मागणी नेमकी काय? बाळाच्या 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या आणि मग नवव्या महिन्याच्या लसीला आईचं वजन, कंबरेचा घेर आणि रक्तदाब नोंदवावा. काटा आणायला नको, गरोदर स्त्रियांच्या तपासणीसाठी तो केंद्रात असतोच. मोजपट्टी लागते, ती शिंप्याकडची चालेल. गरोदरपणाआधीचं वजन बहुतेकींना ठाऊक नसतं, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवताना कार्डावर लिहिलेला आकडा आधार धरावा. सहाव्या आठवड्याला गरोदरपणात साखर असलेल्या प्रत्येकीची ग्लुकोज तपासणी, सगळ्यांचं हिमोग्लोबिन. नवव्या महिन्याला आधारापेक्षा 5 किलो किंवा जास्त वजन राहिलं असेल, किंवा घेर 80 सेंटिमीटरच्या वर असेल, तर टीएसएच, साखर आणि आहाराचा सल्ला. आधारापेक्षाही खाली घसरलं असेल तर क्षयाची विचारपूस आणि अंगणवाडीचा पोषण आहार मिळतो का याची चौकशी. आपल्या लोकांसाठी बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजणाऱ्या आकड्याची, जाडपणाची रेघ 25 नव्हे, 23 ला ओढावी, कारण कमी वजनातही पोटावर चरबी आणि रक्तात साखर येण्याची आपली प्रवृत्ती आहे.

नोंद कार्डावरच हवी, केंद्राच्या रजिस्टरात नको. पहिली बाळंतीण माहेरी असते, सुरुवातीच्या लसी बार्शीत किंवा पंढरपुरात होतात आणि नवव्या महिन्याची सासरी. रजिस्टर जागचं हलत नाही, कार्ड बाळाबरोबर येतं. चौदाव्या आठवड्याला तर बाई हमखास येते, कारण त्या लसी पूर्ण झाल्याशिवाय बाळंतिणीला पैसे देणाऱ्या केंद्राच्या मातृवंदना योजनेचा पहिल्या बाळाचा दुसरा हप्ता मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप परिचारिकांकडून येईल आणि तो खरा आहे. लसीकरणाच्या दिवशी त्यांना मान वर करायला वेळ नसतो. पण लस दिल्यावर बाळाला अर्धा तास थांबवतातच. त्या अर्ध्या तासात आई बाकावर बसलेली असते, आणि बरेचदा आशाताईही तिथेच असते. वजन आणि घेर घ्यायला तीन मिनिटं लागतात. आशाताई बाळंतपणानंतर 42 दिवसांत सहा वेळा घरी जाते, नंतर तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत आणखी पाच वेळा. तिच्याकडून हे फुकटात करून घेऊ नये, या कामाचा वेगळा मोबदला ठरावा. तिच्या पदरात आणखी एक विनामोबदला रकाना टाकायचा असेल तर हा लेख मागे घेतलेला बरा.

दुसरा आक्षेप जास्त नाजूक आहे. आधीच शरीरावरून बोल ऐकणाऱ्या बाईला सगळ्यांसमोर काट्यावर उभं करायचं? नाही. आकडा मोठ्याने वाचायचा नाही, सासूसमोर तर नाहीच, आणि तिने नको म्हटलं तर रकाना रिकामा ठेवायचा. आकडा लिहून झाल्यावर विचारायचे प्रश्न तिच्या चुकीचे नकोत, घराचे हवेत: रात्री किती तास झोप मिळते, उसळ रोज ताटात येते का, लोहाची गोळी कशाबरोबर घेतेस, कामाला कधी बसलीस.

खासगी दवाखान्यांत ही गोष्ट आणखी अडते, कारण बालरोगतज्ज्ञाच्या फाइलमध्ये आई नावाचा रुग्णच नसतो आणि प्रसूतितज्ज्ञाकडे ती टाके दाखवायला एकदा जाऊन येते. त्यांच्यासाठी बाळाच्या लसीच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर चार ओळींचा तक्ता छापला तरी पुरेल: तारीख, वजन, घेर, रक्तदाब. 80 च्या वर घेर किंवा 140/90 च्या वर रक्तदाब दिसला की बालरोगतज्ज्ञाने स्वतः काही करायचं नाही, एक चिठ्ठी लिहून तिला प्रसूतितज्ज्ञाकडे किंवा सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात पाठवायचं.